रुखवतात चरबीची पेशी

चरबीच्या पेशीत केंद्रक मधोमध नसतं, एका कडेला असतं. ही गोष्ट माहीत नसताना मी पन्नाशी ओलांडली, पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक झालो, अमळनेरात स्वतःचं घर बांधलं, आणि माझं कुठेही काही अडलं नाही. अडलं ते मुलीच्या लग्नात. मुलीच्या लग्नात बापाचं काय काय अडू शकतं ते आमच्या नातेवाइकांनी मला तोंडपाठ करून दिलं होतं. आचारी, बँडवाले, पाण्याचा टँकर, नवरदेवाचे मामा. केंद्रकाचं नाव त्यात कोणी काढलं नव्हतं.

कुंदा आमची एकुलती एक. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.ची परीक्षा देऊन बसली होती. लग्न तोंडावर आलं आणि एका रात्री जेवताना तिने सांगितलं की रुखवतात ती एक पेशी करून ठेवणार आहे. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुमनने, वर्षभर खपून सुपाऱ्यांचे भटजी, खडीसाखरेचा बंगला, मोज्यांचे ससे असा सगळा सरंजाम जमवला होता. त्यात आणखी एक वस्तू वाढली तर तिला बरंच होतं. "कर की, टेबलावर जागा आहे," ती म्हणाली. मी भात कालवत होतो. मायलेकींचं आधीच बोलणं झालेलं असणार असं समजून मी मान हलवली. आमच्या घरात न समजलेल्या गोष्टीला मान हलवण्याचं खातं माझ्याकडेच आहे.

खरी गोम पुढे होती. कुंदाला लग्नानंतर जळगावला एम.एस्सी. करायचं होतं. तिथे नवीन विद्यापीठ सुरू झालं होतं आणि तिथेच तिच्या मामाचं घरही होतं. आठवडाभर मामाकडे राहायचं आणि शनिवारी सासरी यायचं असा तिचा बेत. जावई धुळ्याला बँकेत, मुलगा गुणी. त्याला विचारलं तर तो म्हणाला, माझी काहीच हरकत नाही, पण आईला विचारावं लागेल. मग मी सोनगीरला जाऊन त्याच्या वडिलांना, धनसिंग आबांना विचारलं. आबांनी पानाला चुना लावला, बराच वेळ समोरच्या किल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाले की माझं काय, घरातलं सगळं तीच पाहते. म्हणजे आता उरल्या त्या विहीणबाई, भिकुबाई. त्यांना कोणी विचारायचं यावर मात्र दोन्हीकडचे पुरुष एकदम विचारात पडले.

भिकुबाईंना मी एकदाच पाहिलं होतं, सुपारी फोडायच्या दिवशी. अंगाने चांगल्या भरलेल्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्या दिवशी चार तासांत त्या एकच वाक्य बोलल्या. आमच्या कढीचा घोट घेऊन त्यांनी "मीठ कमी शे" एवढंच म्हटलं, आणि सुमन पुढे दोन दिवस धड जेवली नाही. अशा बाईला जाऊन 'तुमची नवी सून लग्नानंतर तुमच्या घरी न राहता जळगावला राहील' असं सांगण्याचं काम मी चुडामण नानांवर सोपवलं. नाना आमचे शेजारी, हे स्थळ त्यांनीच आणलेलं. "योग्य वेळ पाहून विषय काढतो," ते म्हणाले. योग्य वेळ पाहण्यात नानांचा हात कोणी धरणार नाही. हळदीपर्यंत ती त्यांना दिसली नव्हती.

म्हणून कुंदाने ही युक्ती काढली होती. रुखवत दाखवायला विहिणीला मानाने आणतात. ती प्रत्येक वस्तूपाशी थांबते, हे काय, हे कोणी केलं असं विचारते. "तेव्हा मी सांगेन, आणि तिथेच विचारेन," कुंदा म्हणाली. "नाहीतर त्या माझ्याशी बोलणार कधी, बाबा?" मला हे पटलं. निदान ज्या गोष्टी मला पटल्या असं मी त्या महिन्यात म्हणालो, त्यांत ही एक होती.

मूळ बेत साध्या पेशीचा होता. जेलीचा गोळा, त्यात मधोमध केंद्रक, आजूबाजूला बाकीची मंडळी. पण आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या लताबाईंनी बातमी आणली की जेलीची पूड हाडांची करतात. खरं असेल नसेल, पण आमच्या वऱ्हाडात माळकरी निम्मे. रुखवतात हाडं ठेवली असं कोणी म्हटलं तर लग्न लागेपर्यंत ते सोनगीरला पोचलं असतं. कुंदा दुसऱ्या दिवशी म्हणाली, मग चरबीची पेशी करू, वनस्पती तुपाची. तिने मला चित्र काढून दाखवलं. एक मोठा गोल. "हा सगळा चरबीचा थेंब. पेशीत दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. आणि हे केंद्रक," तिने गोलाच्या अगदी कडेला एक चपटा ठिपका काढला. "चरबीने ते भिंतीला दाबून टाकलंय."

"म्हणजे मुख्य ते हेच ना?" मी विचारलं.

"हो. सगळं हेच चालवतं."

"मग कडेला का?"

"जागा नाही म्हणून, बाबा."

मी पुन्हा मान हलवली. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं की आमच्या ऑफिसातही साहेबांची खोली अगदी कोपऱ्यात, संडासाच्या भिंतीला लागून आहे आणि मधली सगळी जागा फायलींनी भरली आहे. तेवढ्यापुरती मला पेशी समजली. सकाळी परत समजेनाशी झाली.

आता तूप. अमळनेर तुपाच्या कारखान्याचं गाव असलं तरी त्या वर्षी लग्नसराईत डबा मिळणं कठीण झालं होतं, आणि दुकानदार परवाना आणा म्हणत होता. मी पुरवठा कचेरीत गेलो. मी स्वतः सरकारी माणूस, त्यामुळे सरकारी माणसाशी कसं बोलावं हे मला कळतं असा माझा समज होता. टेबलावरच्या गृहस्थांनी लग्नपत्रिका पाहिली, पाहुण्यांचा आकडा पाहिला, आणि म्हणाले की जेवणासाठीचा डबा तुम्हाला मिळालाय, हा दुसरा कशाला? मी खरं ते सांगितलं, रुखवतासाठी. त्यांनी विचारलं, रुखवत खातात का? मी म्हटलं, काही खातात, हे खाणार नाहीत. ते म्हणाले, परवाना खाद्यपदार्थाचा आहे, न खाण्याच्या वस्तूला तो कसा द्यायचा? मी म्हटलं, वस्तू खाण्याचीच आहे, पण ठेवायची आहे. हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला वरच्या साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी विचारलं, नेमकं काय करणार तुपाचं? मी म्हटलं, चरबीची पेशी. साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं. मला वाटलं हा माझ्या हुद्द्याचा मान. नंतर कळलं की माझी तब्येत बरी नाही असं त्यांना वाटलं होतं. डबा मात्र मिळाला. 'वधूपक्षाकडील अतिरिक्त पाहुण्यांकरिता' असा शेरा मारून त्यांनी प्रश्न मिटवला, आणि हेच मला आधी का सुचलं नाही याचं दुःख मी घरी येईपर्यंत केलं.

गोळा कसा करायचा हे चुडामण नानांनी अंगावर घेतलं. ऐन उमेदीत ते तुपाच्या कारखान्यात कामाला होते, त्यामुळे तुपाविषयी त्यांचा शब्द शेवटचा. खरं तर ते तिथे गेटवर होते, पण हा तपशील त्यांनी कधी मध्ये येऊ दिला नाही. दोन सारख्या कढयांत तूप ओतायचं, गोठलं की एकमेकांवर उपडं करून जोडायचं. मे महिना, खानदेश. दुपारी आमच्या अंगणातली बादली हात घालवत नाही इतकी तापते. नाना म्हणाले, वनस्पती तूप आहे हे, छिन्नीने फोडावं लागतं. नानांचं तूप बहुधा डिसेंबरातलं असावं. शेवटी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून, भुशात आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून त्या कढया आम्ही मोरीत ठेवल्या. चार दिवस घरातल्या सगळ्यांनी अंगणात अंघोळ केली. जोडलेला गोळा परातीत उभा राहिला तेव्हा तो कलिंगडाएवढा, पांढराशुभ्र आणि खरोखर देखणा दिसला. कुंदाने एका बाजूला खड्डा करून त्यात दाबलेला बेसनाचा लाडू बसवला. लाडूत एक काळा मनुका. लाडू म्हणजे केंद्रक, आणि मनुका म्हणजे केंद्रकाच्या आतलं आणखी काहीतरी. ते तिने मला समजावून सांगितलं होतं, पण एका दिवसात किती समजून घ्यायचं याला मर्यादा असते.

गोळा पाहायला आळी लोटली. पाहून झाल्यावर प्रत्येकाने एकच शंका काढली, की लाडू असा बाजूला का गेला. लताबाई तर हळहळल्या. "एवढी शिकेल पोर, आन् लाडू मधमा बसाडता उना नही," असं त्या सुमनला म्हणाल्या, आणि पोरीची लग्नात फजिती नको म्हणून कोणाला न सांगता त्यांनी तो उपटून गोळ्याच्या डोक्यावर, मधोमध बसवला. कुंदाने पाहिलं आणि परत कडेला लावला. दुपारी कोणीतरी तो पुन्हा वर नेला. माझ्या मावशीने तर त्यावर कुंकू लावलं. संध्याकाळी कुंदा रडकुंडीला येऊन मला म्हणाली, बाबा, तुम्ही तरी सांगा ना यांना. मी लताबाईंना सांगायला गेलो की केंद्रक कडेलाच असतं. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, जागा नाही म्हणून. त्या म्हणाल्या, एवढी जागा तर आहे वर. मी परत आलो आणि कुंदाला म्हटलं की लताबाईंचंही अगदीच चूक नाही. त्यावर ती माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नाही. लग्नघरात मुलगी बापाशी बोलत नाही याचं कारण पाहुण्यांना काय सांगावं हे मला कळेना. मी डोकं दुखतंय असं सांगितलं. त्यावर मला तीन प्रकारचे काढे पाजण्यात आले.

पण खरा बॉम्ब फुटला तो हळदीच्या संध्याकाळी. चुडामण नाना गोळ्यापुढचा पुठ्ठा वाचत उभे होते. कुंदाने त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, चरबीची पेशी. नानांनी तो दोनदा वाचला, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "रुपचंदभाऊ, भिकुबाईचं अंग पाहिलंय ना तुम्ही?"

महिनाभर मी तूप, बर्फ, परवाना आणि लाडू यांच्यात इतका गुरफटलो होतो की चरबी हा शब्द रोज तोंडाने बोलत असूनही तो कोणाच्या अंगावर जाऊन बसेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लताबाई म्हणाल्या, त्यात काय, रुखवतात विहिणीची थट्टा करायची रीतच आहे, गाण्यांतून करतोच की आपण. सुमन म्हणाली, गाण्यात करणं वेगळं आणि परातीत ठेवणं वेगळं. मी पुठ्ठा काढून तिथे 'पौर्णिमेचा चंद्र' लिहावं असं सुचवलं. लाडूसुद्धा डाग म्हणून खपला असता. कुंदा हळदीच्या अंगाने उभी राहिली आणि म्हणाली, "चंद्राचं शिकायला मी जळगावला जाणार आहे का, बाबा? नाव बदललं तर मी त्यांना काय विचारणार?" तिचे डोळे भरून आले होते. मला तिचं फार वाईट वाटलं आणि भिकुबाईंची फार भीती वाटली. दोन्ही एकदम वाटल्यामुळे मी काहीच केलं नाही, आणि पुठ्ठा जागच्या जागी राहिला.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उशिरा आलं. सोनगीरहून निघालेल्या ट्रकचा टायर वाटेत बसला होता. गोळा आम्ही सकाळीच रुखवताच्या टेबलावर मांडला होता, खाली बर्फाची लादी, समोर टेबलपंखा. जाताजाता लताबाईंनी लाडू शेवटचा वर, मधोमध नेऊन ठेवला होता. अकराच्या सुमाराला वीज गेली. नाना म्हणाले, घाबरू नका, हे तूप पाघळत नाही. तेव्हाच ते पाघळायला लागलं होतं. आधी गोळ्याला घाम आला, मग तो एका अंगाला कलला, मग बसला. टेबलाचा एक पाय मांडवाच्या सतरंजीवर आणि तीन जमिनीवर होते, त्यामुळे सगळं तूप परातीच्या एका बाजूला धावलं. मी परात सरळ करायला गेलो, तर दोन्ही हात कोपरापर्यंत तुपात. ते पुसायला काही सापडेना, म्हणून परात धरायला आलेल्या कोणाच्या तरी मदतीने मी अंगातला नवा सफारी काढू लागलो, आणि त्या मदतीचे पाची बोटांचे तुपकट ठसे सफारीच्या पाठीवर उमटले. पुढचे सर्व विधी मी पाठ भिंतीकडे करून पार पाडले. कन्यादानाच्या वेळी तर भटजींना मला दोनदा वळवून बसवावं लागलं.

ते पुढचं. आधी भिकुबाई आल्या.

ताशा वाजवत बायका त्यांना रुखवतापाशी घेऊन आल्या. सुपाऱ्यांचे भटजी पाहिले, बंगला पाहिला, ससे पाहिले, एक शब्द नाही. मग त्या परातीपाशी थांबल्या. परातीत गोळा नव्हताच. अर्धवट वितळलेल्या तुपाचं पांढरट तळं होतं, आणि मधला लाडू घसरत घसरत परातीच्या कडेला जाऊन तिथेच दाबून बसला होता, चपटा होऊन. समोर पुठ्ठा मात्र ताठ उभा. मागे उभ्या असलेल्या कोणीतरी तो मोठ्याने वाचला. ताशा बंद झाला. मी भिंतीला पाठ लावून डोळे मिटले.

"हाई काय शे?" भिकुबाईंनी विचारलं.

मी घाईघाईने म्हणालो की हा चंद्र होता, उन्हाने जरा बिघडला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. कुंदा मुंडावळ्या बांधलेली, परातीकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. उलट ती हरखली होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "आई, ही चरबीची पेशी आहे. प्रत्येकाच्या अंगात असते, माझ्या, यांच्या, बारीक माणसाच्यासुद्धा. उपासाच्या दिवसासाठी शरीर तूप असं साठवून ठेवतं. आणि हे केंद्रक. चरबी वाढत जाते आणि याला असं कडेला दाबून टाकते. इतके दिवस मला नीट बसवता आलं नाही, आत्ता आपोआप बरोबर बसलंय."

भिकुबाई वाकून लाडवाकडे बघत राहिल्या. "आन् इतलं दाबाई ग्यं तरी जित्तं शे?"

"हो. तिथूनच सगळं चालवतं."

पहाटेपासून त्या ट्रकमध्ये होत्या, टायर बसल्यावर उन्हात उभ्या राहिल्या होत्या, आणि नवरदेवाचे वडील, मामा, बँडवाले या सगळ्यांना कोणी ना कोणी सरबत दिलं होतं, पण त्यांना काही विचारण्याची कोणाची छाती झाली नव्हती. त्यांनी हात पुढे केला, परातीच्या कडेचं केंद्रक उचललं, तूप निथळू दिलं आणि तोंडात टाकलं. मनुक्यासकट. सगळा मांडव त्यांचं चावणं ऐकत उभा होता.

"लाडू चांगला शे," त्या म्हणाल्या. मग कुंदाच्या चेहऱ्याकडे पाहून, "काय व्हयनं?"

"ते केंद्रक होतं, आई," कुंदा म्हणाली. तिला हसू आवरेना आणि रडूही. "आता पेशी मेली."

"आखो ऱ्हास का असं शिकानं? का इतलंच?"

आणखी शिकायचं राहिलंय का, असं त्यांनी आपणहून विचारल्यावर कुंदाने बोलून टाकलं. दोन वर्षं आहेत, जळगावला आहे, मामाकडे राहावं लागेल, शनिवारी येईन. एका दमात बोलली. मी भिंतीला आणखी चिकटलो.

"मंग जाय ना," भिकुबाई म्हणाल्या. "नही कोन म्हने?"

नाही कोण म्हणालं? मी नानांकडे पाहिलं, नानांनी जावयाकडे पाहिलं, जावयाने आबांकडे. आबा मांडवाचा खांब पाहू लागले. कोणीच म्हणालं नव्हतं. भिकुबाईंनी त्या सगळ्या बघण्याचा माग काढला आणि शेवटी आपल्या नवऱ्यावर येऊन थांबल्या. "माले कोनी इचारंच नही," त्या म्हणाल्या. आवाज चढवून नाही, पण मला तो लागला. माझ्यासारखाच आबांनाही लागला असावा, कारण त्यांनी पानाची चंची उघडून परत बंद केली. भिकुबाईंनी त्याच तुपकट हाताने कुंदाच्या गालावरची बट मागे सारली आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं की सून जळगावला शिकेल, आणि कोणाला काही बोलायचं असेल त्याने त्यांच्याशी बोलावं. कोणालाही काही बोलायचं नव्हतं.

लग्न लागलं. दुपारच्या पंगतीत विहिणीला आग्रह करायला मी स्वतः जिलबीचं ताट घेऊन गेलो, अर्थात पाठ भिंतीकडे ठेवूनच. भिकुबाईंनी एक जिलबी घेतली आणि मला वाकायची खूण केली. मी वाकलो.

"तुम्ही माले भ्यातस का?"

नाही म्हणायचं माझ्या तोंडात होतं. पण त्या दिवसापर्यंत इतका गोंधळ झाला होता की काय बोलायचं आणि काय नाही याचा हिशोब माझ्याकडे उरला नव्हता. "हो," मी म्हणालो.

त्या पहिल्यांदाच हसल्या. अगदी थोड्या.

"बठ्ठाच भ्यातस. ते बरं शे," सगळ्यांच्या भिण्याला संमती देत त्या म्हणाल्या आणि वधूवरांच्या पानाकडे पाहू लागल्या. कुंदा तिथे हाताने काहीतरी गोल गोल करून जावयाला समजावून सांगत होती आणि तो न कळता मान हलवत होता. "पन पोरले सांगू नका."

कुंदाला मी अजूनही सांगितलेलं नाही.